प्रवासवर्णनातील स्थलवाचक शब्द

प्रवासवर्णनात 'रमणीय किनारा' असे लिहिले, की लेखकाला झालेला आनंद कळतो. स्थळ मात्र कळत नाही. हरिहरेश्वराहून वेळासला जाणारी वाट उदाहरणादाखल घेऊ. बागमांडल्यास रस्ता संपतो आणि बाणकोटची खाडी फेरीबोटीने ओलांडून प्रवासी वेसवीस उतरतो. सावित्री नदीच्या मुखातून भरतीचे पाणी जिथवर आत शिरते, ती 'खाडी'. तिच्या काठची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी चिखलवट जमीन म्हणजे 'खाजण'. पुढे वेळासला समुद्रालगत पसरलेली वाळू ती 'पुळण'.

हे शब्द समानार्थी नाहीत. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी खाजणात अंडी घालत नाही. ती रात्री पुळणीवर येते आणि भरतीरेषेच्या वर, वाळूत खड्डा करून सुमारे 100 अंडी घालते. वेळासला 2002 पासून या अंड्यांचे रक्षण होत आहे. साधारण 45 ते 60 दिवसांनी बाहेर पडलेली पिल्ले समुद्राच्या उजळ क्षितिजाकडे धावतात. माणसाने लावलेल्या दिव्यांनी त्यांची दिशा चुकते. पुळणीला केवळ 'रमणीय' मानणारा प्रवासी तेथे दिवे लावून बसेल. ते कासवाचे बाळंतघर आहे हे जाणणारा दिवा विझवील.

शब्दांतील भेद पुसला, की स्थळांतील भेदही नजरेआड होतो. लेखकाने स्थळ खरोखर न्याहाळले आहे काय, हे वाचकाला त्याच्या नामांवरून ताडता येते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका वाटेचे वर्णन 'सुंदर', 'रमणीय' ही विशेषणे टाळून, स्थानिक शब्द योजून 10 ओळींत लिहा.