मदत मागायची, पण वेळेत

अगं, फोनवर तू म्हणालीस, "ताई, त्या मंडळात कशाला जाऊ? आपलं काही एवढं वाईट चाललेलं नाही." मी विषय तिथेच सोडला, कारण मागून तुझ्या सासूबाईंचा आवाज येत होता. आता सविस्तर लिहिते. "एवढं वाईट" व्हायची वाट बघणारी माणसंच अशा संस्थेत सगळ्यात उशिरा पोचतात, आणि तोवर निम्मे मार्ग बंद झालेले असतात. बाकीचं विसरलीस तरी चालेल, पण हे लक्षात ठेव: मदत वेळेत मागितली तरच तिचा उपयोग होतो.

मी आमच्या नाशिकच्या मंडळात दाखल्यांच्या टेबलावर बसते, त्यामुळे हे सगळं रोज डोळ्यांसमोर घडतं. तू डोंबिवलीत नवी आहेस, शेजारपाजार अजून ओळखीचा झालेला नाही. पण जुन्या वस्तीत एखादं तरी महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा सेवाभावी संस्था असतेच. तिच्या दाराशी फळ्यावर किंवा कागदावर महिन्याचं वेळापत्रक लावलेलं असतं. आधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून आण.

त्यात काय काय असतं ते सांगते. एखाद्या रविवारी रक्तदाब आणि साखर तपासणी असते. तिथे मिळणारं कार्ड जपून ठेव. डॉक्टरांना आजच्या एका आकड्यापेक्षा मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी जास्त सांगून जातात. मग डोळे तपासणी. मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रिया कुठे आणि कधी, हेही बरेचदा तिथेच ठरतं. एखाद्या संध्याकाळी वकीलताई येतात. मुलांसाठी अभ्यासिका, बायकांसाठी शिवणवर्ग, अडचणीतल्या काही घरांना महिन्याचा शिधा. जूनमध्ये वह्या, दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी, जानेवारीत हळदीकुंकू. आमच्याकडे हळदीकुंकवाला नवरा नसलेल्या बायकांनाही आवर्जून बोलावतो, आणि आता कुणी नाक मुरडत नाही.

मधूनच रक्तदान शिबिर असतं. तिथून परत पाठवलं तर रुसू नकोस. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल किंवा वजन ४५ किलोपेक्षा कमी असेल तर रक्त घेत नाहीत. कितीतरी जणींना आपलं हिमोग्लोबिन किती, हे तिथेच पहिल्यांदा कळतं. दमायला होतं म्हणून वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेलं असतं, आणि कारण निघतं ते एवढंच.

आता तुझ्या घरचंच बघू. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना वॉकर हवाय, आणि तू तो ऑनलाइन मागवायला निघालीस. थांब जरा. रुग्णसाहित्य केंद्र हा या संस्थांचा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी माहीत असलेला भाग. वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, डोक्याकडून वर उचलता येणारी फाउलर कॉट, हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र, असं सगळं थोडी अनामत घेऊन आणि नाममात्र भाड्याने मिळतं. वस्तू परत केली की अनामतही परत. आधारकार्डाची प्रत आणि बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, ती घेऊनच जा.

पण नुसती वस्तू उचलून घरी येऊ नकोस. वॉकरच्या चारही पायांची रबरी टोपणं बघ. एक जरी झिजलेलं असेल तर बाथरूमच्या ओल्या फरशीवर वॉकर घसरणार. सासूबाईंना सरळ उभं कर, हात सैल खाली सोडायला सांग, आणि वॉकरची मूठ त्यांच्या मनगटाच्या रेषेत येईल अशी उंची लाव. पायांवरच्या खटक्याच्या पिना दाबून ती कमीजास्त होते. उंची चुकली की बाई वाकून चालते, आणि गुडघ्यांच्या जोडीला पाठही धरते. कमोडची खुर्ची आणायची असेल तर संडासाच्या दाराची रुंदी आधी टेपने मोज. हवेची गादी घेतलीस तर तिच्यावर एकच पातळ चादर घाल. वर जाड गोधडी टाकली की गादीचा पाठीला उपयोगच होत नाही आणि जखमा व्हायच्या त्या होतातच. केंद्रातल्या काका-मावशींना हे सगळं पाठ असतं. विचारलंस तर हौसेने दाखवतील.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. इथे उशीर फार महागात पडतो. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने त्याची रीतसर योजना झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तुमच्या इमारतीतल्या रखवालदाराचं, तुझ्या कामवाल्या मावशींचं घर यात बसतं, आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

फक्त हे सगळं भरती होताना सांगायचं. रुग्णालयात समाजसेवा अधिकारी असतात. त्यांना पहिल्याच दिवशी भेटायचं, रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवायचा. घरी सोडायच्या दिवशी बिल हातात पडल्यावर धावाधाव केली तर हाती फारसं लागत नाही. माणूस अत्यवस्थ असेल तर आधी दाखल करून उपचार सुरू करणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. कागद मागून देता येतात.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचंही तसंच. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या आजारांवर. तिथे आरोग्यमित्र बसतो. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर तिची मंजुरी आधी घ्यायची असते. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तर उपचार चालू असतानाच रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडून अर्ज करायचा असतो. भरून झालेल्या बिलाचे पैसे तिथे मिळत नाहीत. संस्थेतली अनुभवी माणसं आपल्या हातात पैसे ठेवतातच असं नाही, पण कुठल्या दिवशी कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा हे ती सांगतात. त्याची किंमत पैशांपेक्षा कमी नाही.

आणि चिपळूणचे मामा टाटा रुग्णालयात तपासणीला येणार आहेत ना? तुझ्या दोन खोल्यांत त्यांची सोय होईलही, पण रोज डोंबिवलीहून परळपर्यंत लोकलच्या गर्दीत नेऊ नकोस. परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची सोय करते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथेही टाटाचे रुग्ण राहतात. दोन्हीकडे गर्दी असते. मामा गाडीत बसायच्या आधी चौकशी कर, ते दारात येऊन उभे राहिल्यावर नको.

आता दाखल्यांच्या टेबलावरचं एक सांगते. मागे एक बाई आली. नवरा जाऊन वर्ष होत आलेलं. किराणा दुकानाच्या पिशवीत सगळे कागद होते, पण मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव एक, रेशनकार्डावर थोडं वेगळं, आणि तिचं आधार बँकेच्या खात्याला जोडलेलंच नव्हतं. "इतके दिवस का नाही आलात?" असं कुणी विचारलं नाही, तरी तीच म्हणाली, "वाटलं, लोक म्हणतील लगेच हात पसरायला निघाली." संजय गांधी निराधार योजनेत तिला दरमहा १५०० रुपये मिळू शकतात. पण पैसे अर्ज मंजूर झाल्यावर सुरू होतात, मागच्या महिन्यांचे कुणी देत नाही. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे. आजच्या काळात हा आकडा वाचून कपाळाला हात लावावा लागतो, पण नियम तो आहे. शिवाय दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात. दोन्ही अर्ज तहसील कार्यालयात जातात.

तिच्या बाबतीत नावातला फरक निस्तरण्यातच आमचा बराच वेळ गेला. म्हणून तुला सांगते, घरात जन्म झाला किंवा कुणी गेलं, तर २१ दिवसांच्या आत नोंद करायची आणि नाव आधारवर आहे तसंच, काना-मात्रेसकट लिहून घ्यायचं. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही. म्हणून शेजारणीने पुढे होऊन ते करायचं असतं. उद्या ती शेजारीण तू असशील.

वकीलताईंच्या दिवसाबद्दलही बोलते, कारण बायका तिकडे फिरकत नाहीत. त्यांना वाटतं, वकील म्हणजे कोर्ट, कोर्ट म्हणजे घर मोडणं. अगं, तिथे भाडेकरार वाचून घेता येतो, वारसनोंद कशी करायची ते विचारता येतं, नवऱ्याच्या नावावरच्या कर्जाला जामीन म्हणून सही करायची की नाही हेही विचारता येतं. प्रकरण खरंच कोर्टात गेलंच, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा प्राधिकरणाचा मदत क्रमांक. घरात मारहाण होत असेल त्या मैत्रिणीला १८१ सांग, आणि एकाकी म्हाताऱ्यांसाठी १४५६७. तिन्ही आजच फोनमध्ये घालून ठेव.

आता थोडं सावधपणाचं. प्रत्येक फलकामागे सेवाभाव असतोच असं नाही. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, हे आधी विचार. नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो. फॉर्म भरून द्यायचे, योजना मंजूर करून द्यायचे कुणी हजार-पाचशे मागत असेल तर सरळ उठून ये. आधारची प्रत दिलीस तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी गोड बोलणाऱ्या दादालासुद्धा. देणगी दिलीस तर पावती घे. करसवलत हवी असेल तर संस्थेला ८०जी ची मान्यता आहे का ते बघ आणि दोन हजारांच्या वरची रक्कम रोखीने देऊ नकोस, त्यावर सवलत मिळत नाही. आणि भाऊजी नव्या करप्रणालीत असतील तर ही सवलत नाहीच. तेव्हा द्यायचं ते द्यायचं म्हणून दे.

द्यायचं म्हणजे काय, तेही ऐक. कपाटातले विटके ड्रेस बोचक्यात बांधून नेऊन टाकणं म्हणजे देणं नव्हे. त्यापेक्षा विचार, काय कमी आहे. उत्तर बहुतेकदा साधं असतं: तूरडाळ, मोठ्यांचे डायपर, नाहीतर दुपारी दोन तास टेबलावर बसणारं माणूस. तुला कॉम्प्युटर येतो, मराठी टायपिंग येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांवरच्या शाळाप्रवेशाचे अर्ज ऑनलाइन असतात, मुदत थोडी असते, आणि दरवर्षी चांगली हुशार पोरं केवळ तारीख हुकल्याने मागे राहतात. तिथे तुझे दोन तास एखाद्या मुलाच्या आठ वर्षांच्या शिक्षणाला पुरतात. एक पथ्य पाळ: शिधा घेणाऱ्या बाईचा फोटो काढू नकोस, आणि ती भाजीबाजारात दिसली तर मंडळाचा विषय तू काढू नकोस. ती बोलली तर बोल.

आणि आज मदत घेणारी उद्या मदत देणारी होते, हे मी इथे रोज बघते. आमच्याकडची शिवणवर्गाची बाई काही वर्षांपूर्वी शिध्याच्या यादीत होती. आता तीच इतरांना यादीत नाव घालायला धीर देते. त्यामुळे तिथे जाताना आपण घेणाऱ्यांत की देणाऱ्यांत, असा हिशेब करू नकोस.

तर आता कर काय, या रविवारी सासूबाईंना घेऊन तपासणीला जा, वॉकरचं विचार, दोन जणींशी ओळख करून घे. घरी आलीस की एक फाइल बनव: सगळ्यांची आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकचं पहिलं पान, वीजबिल, जन्म-मृत्यूचे दाखले, प्रत्येकी दोन प्रती. नावांची स्पेलिंगं शेजारी शेजारी ठेवून तपास. जिथे फरक दिसेल तिथे आत्ताच दुरुस्ती टाक. आणि तुझ्या कामवाल्या मावशींना उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज लवकर करायला लाव, हवं तर सोबत जा. जून उजाडला की शाळा-कॉलेजच्या प्रवेशांमुळे दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.