दिंडीच्या गाडीतले खण

बाळा, इको गाडी घेतलीस आणि यंदाच्या आषाढीला ती दिंडीसोबत द्यायची म्हणतोस, हे ऐकून फार बरं वाटलं. मागे लाकडी खण बसवायचे म्हणालास, तर त्याचं चार गोष्टींत सांगतो. नरसीहून नामदेवरायांची पालखी निघते तेव्हा मागच्या गाड्या कशा भरलेल्या असतात, ते तू लहानपणापासून बघतोस. गोण्यांवर गोण्या, त्यावर वळकट्या, त्यावर पातेली. भरदुपारी एखाद्या आजीच्या पायाला फोड येतो आणि कापसाची पुडी नेमकी तळाच्या पिशवीत असते. जुन्या संदुकीचंही हेच दुखणं, खालचं काढायला वरचं सगळं उपसावं लागायचं. खण करायचे ते एवढ्यासाठीच. ते देखणे झाले नाहीत तरी चालतील, पण अंधारात, पावसात, एका हातानं उघडले पाहिजेत.

म्हणून पहिलं माप गाडीचं घेऊ नकोस, सामानाचं घे. नामदेवरायांचं घराणं शिंप्याचं. अंगाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही, तसंच हे आहे. ओसरीत सतरंजी टाक आणि जे न्यायचं ते सगळं मांड. त्याचे ढीग कर. चालता चालता लागणारं एका बाजूला, विसाव्याला लागणारं दुसऱ्या, मुक्कामाला लागणारं तिसऱ्या. चौथा ढीग अशा वस्तूंचा, की ज्या लागू नयेत असं वाटतं, पण लागल्या तर त्याच क्षणी हव्यात: जलसंजीवनीच्या पुड्या, मलमपट्टी, बॅटरी, दोर, पंक्चरचं सामान. हा चौथा ढीग सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात हाताशी येणाऱ्या खणात. मुक्कामाचं सामान खाली आणि आत. ढिगाची उंची मोजलीस की खणाची उंची आपोआप ठरते. बहुतेक लोक उलटं करतात, सगळे खण सारख्या उंचीचे करतात. मग उथळ वस्तूंवर वीतभर जागा मोकळी राहते आणि तेलाचा डबा कशातच बसत नाही.

मग गाडीचं माप. इथे एक खुबी आहे. आतली रुंदी मोजून सांगाडा केलास तर तो दारातून आत जाणार नाही, कारण मागच्या दाराची चौकट आतल्या जागेपेक्षा अरुंद असते. म्हणून दाराचं माप आधी. सांगाडा दोन भागांत कर, डावा नि उजवा, आणि आत नेऊन मधोमध नटबोल्टनं जोड. दोन माणसांना उचलून बाहेरही काढता येतो. चाकांवरचे उंचवटे दोन्ही बाजूंनी जागा खातात, त्यांच्याशी भांडू नकोस. खण मधल्या सरळ जागेतच ठेव आणि कडेच्या सांदीत झाकणाच्या पेट्या कर, त्यात दोऱ्या, ताडपत्री, खुंट्या जातात. बोर्डाला करवत लावण्याआधी किराणा दुकानातून मोठी खोकी आण, पुठ्ठ्याचा सांगाडा गाडीत उभा करून बघ. स्टेपनी, जॅक, पाना कुठे आहेत ते तेव्हाच पाहून घे. खणाखाली स्टेपनी गाडली गेली, तर भररस्त्यात पावसात सगळं उपसणं आलं. गाडी सीएनजीची असेल तर टाकी मागेच असते. तिचा व्हॉल्व्ह झाकायचा नाही, तिच्यावर काही टेकवायचं नाही.

सीट काढू नकोस. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणीपत्रात लिहिलेल्या गोष्टी परस्पर बदलता येत नाहीत. पत्र्याला वेल्डिंगही नको. जे उचलून ठेवता आणि काढता येतं, ते सामान.

आता लाकूड. दुकानदार स्वस्तातलं पार्टिकल बोर्ड दाखवील, त्याला हात लावू नकोस. एका पावसात त्याचा लगदा होतो. प्लायवूडवर शिक्का बघ: आयएस ३०३ लिहून पुढे बीडब्ल्यूआर असेल तर चालेल, आयएस ७१० म्हणजे मरीन, ते उत्तम पण महाग. जाडीचा मोह धरू नकोस. आठ बाय चारचं १८ मिलीमीटरचं एक पान पस्तीसेक किलो भरतं, १२ चं तेवीस-चोवीस. वरच्या फळीवर माणूस बसणार, कणीक मळली जाणार, तेवढी १८ ची घे. बाकी सगळं १२ मध्ये होतं. खणाचा तळ ६ मिलीमीटरचा पुरतो, पण तो खालून खिळ्यांनी ठोकायचा नाही. वजनानं आणि हादऱ्यानं खिळे उपसून येतात. चारही फळ्यांना आतून खाच पाड आणि तळ त्या खाचेत सरकव. मग कितीही हादरू दे.

सरकण्याचं काय करायचं, यावर जरा थांबू. बाजारात टेलिस्कोपिक चॅनेल मिळतं, घरच्या कपाटाला छानच. त्याची जाडी एका बाजूला चार सूत, म्हणून १८ इंचांच्या खाचेत खण १७ इंचांचा करायचा, तोही केसभर कमी. पण आपले रस्ते तू जाणतोस. ज्येष्ठात धूळ, आषाढात काळ्या मातीचा रेंदा. ती माती चॅनेलच्या गोळ्यांत बसली की खण निम्म्यावर अडकतो आणि ओढणाराची कसोटी लागते. औषधाच्या हलक्या खणाला चॅनेल लाव, खालच्या जड खणांना मी सागवानी पट्टीच सांगीन. खणाच्या दोन्ही कडांखाली एकेक पट्टी, त्यावर तो सरकतो. आणि वरून आणखी एक पट्टी, खणाच्या काठाला जेमतेम न लागणारी. ही वरची पट्टी बरेच जण विसरतात. ती नसेल तर अर्ध्याहून जास्त ओढलेला भरला खण पुढे कलंडतो आणि पायावर येतो. पट्टीवर मेणबत्ती घास. तेल नको, तेलाला धूळ चिकटते आणि दोन दिवसांत गाळ होतो. मागच्या बाजूला अडसर ठेव, म्हणजे खण तिसरा हिस्सा आतच राहील.

आणि फट सोड. तू हे काम कडक उन्हात करणार, लाकूड कोरडंठाक असेल, खण अगदी घट्ट आणि गुळगुळीत बसेल, बघणारे वाखाणतील. तोच खण आषाढात फुगून बसतो. दोन्ही बाजूंना एकेक सूत मोकळं राहू दे, उन्हाळ्यात थोडं हललं तर हलू दे. कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात हवेतच, पाणी प्लायमध्ये कडेनं शिरतं, वरून नाही.

चौकोन गुण्यानं बघशीलच, पण मोठ्या चौकटीला गुण्या पुरत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोज. दोन्ही सारखे आले की चौकट काटकोनात आहे. तिरक्या चौकटीत सरळ खण जन्मात सरकणार नाही. सांधा फेविकॉल आणि स्क्रूचा, आतल्या कोपऱ्यात लाकडाचा ठोकळा. नटबोल्टना नायलॉक नट घाल, साधा नट हादऱ्यानं सैल होतो. आणि निघाल्यावर पहिल्या मुक्कामाला पाना घेऊन सगळे नट एकदा पिळ, लाकूड दबतं तेव्हाच.

कडीचं ध्यानात ठेव. खण मागे उघडतात, म्हणजे चढावर गाडी लागली की ते दारावर येऊन आदळतात. चुंबकाच्या कडीवर विसंबू नकोस. साधी सरकती कडी घे आणि अशी उभी लाव की तिची दांडी वजनानंच खाली भोकात बसेल. उलटी लावलीस तर हादऱ्यानं सुटते. बाहेर आलेली मूठ नको, गुडघे फुटतात, धोतर अडकतं. फळीला हात घालण्यापुरती खाच पाड किंवा नवारीचा पट्टा लाव, ओल्या हातालाही तो धरता येतो.

चढाचा धोका खणांना, ब्रेकचा धोका माणसांना. करकचून ब्रेक लागला तर भरलेला सांगाडा पुढे येतो आणि पुढे आपली माणसं बसलेली असतात. त्याला सीटच्या पाठीला भिडवून ठेव आणि जमिनीला बांध. पण ड्रिल घेऊन स्वतः भोकं पाडायला बसू नकोस. खाली पेट्रोलच्या, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी असतात. गाडीत आधीच असलेल्या बोल्टच्या जागा वापर, नाहीतर मेकॅनिककडून गाडी वर घेऊन खालून बघूनच करून घे. जड वस्तू तळाशी आणि सीटकडे, हलक्या वर आणि दाराकडे. खाली रबरी चटई घाल, खडखड निम्मी होते आणि सांगाडाही घसरत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. गॅसची टाकी खणात किंवा बंद पेटीत ठेवायची नाही, लहान पाच किलोचीही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचून राहतो आणि बंद जागेत कळतही नाही. टाकी उघड्या हौद्याच्या टेम्पोत, उभी, बांधलेली. रॉकेल, पेट्रोलचे कॅनही तिकडेच.

पखवाज खणात ठेवायचा नाही, दमटानं पुडी उतरते. तो खोळीत घालून वर, मोकळ्या हवेत. पण त्याच्या धुमेला लावायच्या कणकेसाठी गव्हाच्या पिठाचा छोटा डबा मात्र वरच्या खणात असू दे. ऐन कीर्तनाच्या वेळी तोच शोधत फिरायची पाळी येते. टाळ जोडीजोडीनं फडक्यात गुंडाळ. औषधं असलेला खण उन्हाच्या बाजूला नको. गाडी दिवसभर उन्हात उभी राहणार असेल तर औषधाचा डबा काढून सावलीत न्यायचा.

प्रत्येक खणावर रंगानं चित्र काढ: पातेलं, पट्टी, बॅटरी. दिंडीत सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही, आणि तू नसशील तेव्हाही खण उघडायचेच आहेत. इकोचं मागचं दार वर उचलतं, त्याचा आडोसा होतो, त्यावर एक ताडपत्री पुढे ओढलीस की पावसातही वरच्या फळीवर भाजी चिरता येते.

आषाढ वद्य एकादशीच्या परतवारीला सगळे पुन्हा नरसीत येतात, तेव्हाही ही गाडी कामाला येईल. त्यानंतर मात्र सांगाडा बाहेर काढ, खण उन्हात उपडे घाल आणि चटई उचलून पत्रा तपास. चटईखाली ओल राहिली की गंज धरतो. बोर्ड आणायला हिंगोलीला जाण्याआधी मापाचा कागद घेऊन ये, आकडे आपण दोघं एकदा मिळून बघू.