चित्राची सुलटी बाजू

१. अमूर्त चित्रालाही डोळ्यांसमोर काहीतरी लागतं. नुसता रंगावर रंग ओतला तरी सुरुवातीला सुंदर काही घडतं. मग हात तेच तेच करू लागतो. म्हणून मी वैशाखात इंदूरबाहेर माळव्याची काळी जमीन पाहायला जाऊ लागलो. भेगांच्या कडा राखाडी पडलेल्या, आत खोलवर मात्र ओलसर काळं. कागदावर शेत आलं नाही, भेगही आली नाही. त्या दोन रंगांतली ओढाताण तेवढी आली. देवलालीकर मास्तरांनी १९२७ साली आमच्या इंदुरात कलाशाळा काढली. तिथं शिकलेले चित्रकार बेंद्रे निसर्गचित्रांकडून घनवादाकडे आणि पुढे ठिपक्यांच्या चित्रांपर्यंत गेले. त्या सगळ्या प्रवासात त्यांचं पाहणं कुठेच सुटलेलं नाही, आणि मला त्याचंच मोल अधिक वाटतं.

२. ॲक्रिलिक वाळलं की थोडं गडद होतं. त्यातला चिकट घटक ओला असताना दुधाळ असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. त्यामुळे उजळ छटा हवी तर मुद्दाम आणखी उजळ कालवायची. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात पॅलेटवरच रंगाला साय धरते. पाण्याचा फवारा हाताशी हवाच.

३. थांबणं हेही चित्र काढणंच. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत, थरावर थर चढवत, मध्येच खरवडत; वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी करत. मीही रोलर घेऊन पाहिला. ब्रशच्या फटकाऱ्यात हाताचा स्वभाव दिसतो, रोलर तो पुसून टाकतो. मागे उरतो थरांमधून झिरपणारा उजेड, आणि तो घाईत सापडत नाही. खालचा थर पुरता वाळेपर्यंत खोलीबाहेर पडावं हे उत्तम.

४. फ्रेमवाल्याचं ऐकावं. त्यानं चित्र हातात फिरवून विचारलं, "भिया, इसमें सीधा कौन-सा है?" प्रश्न अगदी कामाचा होता, त्याला मागे हुक ठोकायचे होते. आम्ही चारही बाजूंनी धरून पाहिलं. एका बाजूनं सगळा भार खाली बसत होता, दुसऱ्या बाजूनं तोच भार तरंगत होता. मी तरंगणारी बाजू निवडली.

५. लोकांना आकार शोधू द्यावेत. घरी चित्रं मांडली की कुणाला गणपती दिसतो, कुणाला नर्मदेचा घाट. विष्णू चिंचाळकर गुरुजींनी याच गावात वाळक्या काटक्या, पानं, टाकाऊ वस्तू यांतून केवढी सृष्टी उभी केली! डोळ्याला आकाराची भूक असते. ती तुच्छ का मानावी? मी चित्राचा अर्थ सांगत बसत नाही. "नजर आधी कुठे गेली?" एवढंच विचारतो. शेजारच्या काकू बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कडेचा हा पिवळा तुकडा आहे ना, त्यानंच सगळं धरून ठेवलंय बघ." मी तो हातानं झाकला. चित्र खरंच एका अंगाला कललं. आता सही करण्याआधी प्रत्येक कोपरा असाच हातानं झाकून पाहतो, आणि ज्याच्यावाचून काही अडत नाही त्या कोपऱ्यावर पुन्हा काम करतो.