शिक्षण आणि पुढचे बेत इंग्रजीत सांगताना

प्रश्न : साखरशेत (ता. जव्हार) येथील बारावी विज्ञानच्या विद्यार्थिनीला नर्सिंगला जायचे आहे. मुलाखतीसाठी इंग्रजीची तयारी कशी करावी?

उत्तर : महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरी बोलण्याचा सराव अनेकदा राहून जातो. घरी वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलांसाठी तर मराठीनंतर इंग्रजी ही तिसरी भाषा ठरते. त्यामुळे थोडी वाक्ये पक्की करणे हिताचे.

झालेले शिक्षण साध्या भूतकाळात सांगावे : ‘आय पास्ड टेन्थ इन २०२३’. चालू शिक्षण : ‘आय ॲम स्टडीइंग सायन्स’. ठरलेला बेत : ‘आय ॲम गोइंग टू अप्लाय फॉर नर्सिंग’. इच्छा : ‘आय वुड लाइक टू वर्क इन जव्हार’. येथे ‘टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, ‘टू वर्किंग’ चुकीचे.

प्रत्येक बेताला ‘बिकॉज’ने कारण जोडावे. उदाहरणार्थ, नर्सिंगमध्ये जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा पदविका अभ्यासक्रम तीन वर्षांचा, तर बीएस्सी नर्सिंग हा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा. यांपैकी कोणता अभ्यासक्रम आणि का, हे दोन वाक्यांत सांगता यावे. उत्तरे पाठ न करता मैत्रिणीला प्रश्न विचारायला लावून रोज मोठ्याने बोलावीत. प्रश्न समजला नाही, तर ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ म्हणण्यात कमीपणा नाही.