‘कला’ शब्द आणि ध्वनीचे वळण

भेस्तानात खानदेशातून आलेल्या मागकामगारांच्या मुलांना मी विज्ञान शिकवतो. श्राव्यातीत ध्वनीला वळवणाऱ्या पातळ पत्र्याचा पाठ घेतला, तेव्हा गाडे अडले ते ‘कला’ या शब्दावर. एका मुलीने विचारले, “सर, ध्वनीत चित्रकला कुठली?”

प्रश्न रास्त होता. ‘श्राव्यातीत’ तिला उमगला होता: सेकंदाला २०,००० हून अधिक कंपने, कानाच्या पल्ल्यापलीकडची. (‘स्वनातीत’ निराळा, तो वेगाचा शब्द, विमानाला लागतो. दोहोंची अदलाबदल नेहमी होते.) ‘कला’ तर तिच्या घरातच होता. आजी संकष्टीला ज्याची वाट पाहते त्या चंद्राची कला म्हणजे त्याच्या फेऱ्यातला त्या दिवसाचा टप्पा. लहरीची कलाही तशीच, तिच्या आवर्तनातला टप्पा. पूर्ण फेरा ३६० अंशांचा.

मग फळ्यावर हिशेब मांडला. मोटार मागे घेताना भिंत ओळखणाऱ्या सेन्सरात बहुधा ४० किलोहर्ट्झचा ध्वनी असतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणून तरंगलांबी ८.६ मिलिमीटर. पत्र्यावर दर १७.२ मिलिमीटरांत आठ खण पाडायचे. प्रत्येक खणात आरपार जाणारी नागमोडी वाट. ती आधीच्या खणातल्या वाटेहून तरंगलांबीच्या आठव्या हिश्शाने, सुमारे १.१ मिलिमीटरने, लांब. दर खणाला ध्वनी ४५ अंशांनी मागे पडतो. आठ खणांत फेरा पुरा, की पुन्हा पहिल्यापासून. सरळ आत शिरलेली लहर उशीर वाढत जाणाऱ्या बाजूला ३० अंशांनी कलते, कारण ८.६ भागिले १७.२ म्हणजे अर्धा, आणि ३० अंशांचा साइनही अर्धा. कलेने लहर कलते, हे मुलांनी लगेच पाठ केले. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे असा दावा मी करत नाही.

उशीर कडांकडून मध्याकडे वाढवला, तर लहर एका बिंदूत गोळा होते. सोनोग्राफीचे यंत्र हेच काम विजेच्या संकेतांना विलंब देऊन करते. शरीरात ३.५ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम ०.४४ मिलिमीटर, तिथे खण त्याहून बारीक हवेत. हवेतल्या पत्र्याचीही अडचण आहेच: वाट अरुंद केली की भिंतींशी घासून ध्वनी विरतो.

अशा पत्र्याला इंग्रजीत मेटासरफेस म्हणतात. ‘परापृष्ठ’ मला सुचले होते, पण त्यात मुलांना खण दिसत नाहीत. वर्गात आम्ही ‘खणपत्रा’ म्हणतो.