दम आधी, हाड मागाहून

२००९ साली वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ पासून महापौर मॅरेथॉनचा शिरस्ता पडला, तेव्हापासून चाळिशी उलटलेले, उमेदीची वर्षे विरार लोकलच्या गर्दीत घालवलेले आमच्यासारखे कारकून आणि मास्तरही पहाटे रस्त्यावर दिसू लागले. या मंडळींना जो उपदेश ऐकावयास मिळतो तो बहुधा दमाविषयीचा असतो. मला सांगावयाचे आहे ते हाडाविषयी. आणि माझ्या डाव्या नडगीने त्या विषयाचा पाठ सक्तीने दिलेला असल्यामुळे ते जरा विस्ताराने सांगण्याची मुभा मी घेतो.

व्यायामाला शरीराचे सर्व घटक एकाच गतीने रुजू होत नाहीत. सराव सुरू होताच पहिल्या आठवडा-पंधरवड्यात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, पुढील काही आठवड्यांत स्नायूंतील ऊर्जा निर्माण करणारी सूक्ष्म यंत्रणा वाढीस लागते, आणि कालपर्यंत पापडी नाक्यावरच धाप लागणारा मनुष्य निर्मळच्या तळ्यापर्यंत गप्पा मारीत धावू लागतो. कंडरा आणि अस्थी यांना मात्र अशी घाई ठाऊक नाही. ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने हाड स्वतःची घडण बदलते, हे यूलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली मांडले. परंतु ही घडण बदलताना जुन्या वाड्याच्या डागडुजीत आधी कुजके वासे उतरवावे लागतात तसे शरीर प्रथम जुने हाड पोखरून काढते व मग नवे भरते, आणि या एका फेऱ्याला तीन-चार महिन्यांची मुदत लागते. म्हणजे भार एकाएकी वाढविल्यावर पहिले काही आठवडे हाड पूर्वीपेक्षाही काहीसे दुबळे असते, आणि नेमक्या त्याच काळात धावणाऱ्याला आपण कधी नव्हे इतके सशक्त झालो असे वाटत असते.

मला तसे वाटले ते पावसाळा सरताना. दम पुरतो म्हणून अंतर वाढवीत गेलो. आगाशी, अर्नाळा, परत. एका किलोमीटरला हजाराच्या आसपास पावले पडतात आणि प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट आघात येतो, हा हिशेब तेव्हा कोणी मांडून दाखविला असता तरी मी ऐकला असता असे वाटत नाही. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या बाजूस, दुखू लागले. प्रथम धावण्याच्या आरंभी दुखे व अंग तापल्यावर थांबे; मग धाव संपेपर्यंत टिकू लागले; पुढे रात्री अंथरुणातही जागे ठेवू लागले. घरी आंबेहळदीचा लेप झाला, नारळाच्या तेलाचे मर्दन झाले. एक्स-रे स्वच्छ निघाला, त्यामुळे मी पुन्हा धावलो. हाडाला पडलेली बारीक चीर आरंभीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, हे मागाहून एमआरआय काढल्यावर समजले. त्या वर्षीची स्पर्धा मी काठी टेकीत, रस्त्याच्या कडेने पाहिली.

यास्तव नव्या धावपटूंना माझी ताकीद अशी, की वेदनेचा मामला बोटाने तपासावा. नडगीभर पसरलेले दुखणे बहुधा स्नायूंच्या व अस्थीवरील आवरणाच्या कुरकुरीचे असते आणि काही दिवसांच्या विश्रांतीने शमते. पण एकाच बोटाने दाबता येईल अशा एका ठिकाणी दुखत असेल, त्याच पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. अंतर वाढविताना दर तीन आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी धावावे, दम कितीही तगादा लावो. राजोडीच्या किनाऱ्याची वाळू मऊ म्हणून निर्धोक, हाही समज अर्धाच खरा आहे: मऊ वाळूत शक्ती सुमारे दीडपट खर्च होते, टाचेची कंडरा अधिक ताणली जाते, आणि पाण्याकाठची ओली वाळू उतरती असल्याने एक पाय सतत खाली पडतो. बुटांविषयी लोक तासन्‌तास बोलतात; ते पायाला चावू नयेत एवढे पुरे.

घामाचा प्रश्न आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत स्वतंत्रच आहे. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत न उडता टपकून गेलेला घाम मात्र काहीच नेत नाही. म्हणून ऑक्टोबरात वेग आपखुशीने कमी करावा. मात्र भीतीपोटी पाणी ढोसीतही राहू नये. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घटलेले आढळले, आणि धावून वजन वाढलेल्यांत हा धोका अधिक होता. तहान लागेल तसे प्यावे.

राहता राहिला विरारच्या जीवदानी देवीचा डोंगर. १३००हून अधिक पायऱ्या चढताना धाप लागते आणि सारी तक्रार चढणीबद्दलच होते. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ज्या धरतात त्या उतरणीमुळे, कारण उतरताना स्नायू आवळलेल्या स्थितीतच ताणले जातात व त्यांचे तंतू सूक्ष्मपणे फाटतात. त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला देण्याची प्रथा आहे, ती सोडावी. ते आम्ल तासा-दोन तासांतच निपटलेले असते. एकदा बेताने उतरून घेतले की पुढे काही आठवडे मांड्या तितक्या दुखत नाहीत, म्हणून सरावात उतरण जरूर असावी, पण स्पर्धेच्या आठवड्यात नव्हे. त्या आठवड्यात नवस बोलायचाच असेल तर पायथ्याशी उभे राहून बोलावा, आणि फेडायला पाय निवल्यावर जावे.