परदेशी शिकायला जाण्यापूर्वी

(आपल्या खेड, चिपळूण, दापोली भागातील अनेक तरुण नोकरीसाठी परदेशी जातात. शिक्षणासाठी जाणाऱ्यांची वाट थोडी वेगळी असते. त्या वाटेवर कोणते प्रश्न पडतात व त्यांची तयारी कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, पासपोर्ट ही वस्तू तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात जपून ठेवलेली असेल. कुणाचे वडील कुवेतला असतील, कुणाचे मामू दुबईला, कुणाचे चाचा मस्कतला. परदेश हा शब्द आपल्या कोकणाला नवा नाही. परंतु नोकरीसाठी जाणाऱ्याला मालक बोलावतो आणि पगार देतो. शिकायला जाणाऱ्याला विद्यापीठ बोलावते, पण खर्च त्याला स्वतःलाच करावा लागतो. म्हणून त्याने निघण्यापूर्वी पुष्कळ प्रश्न विचारले पाहिजेत.

आपल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत रसायनांचे अनेक कारखाने आहेत. त्यांपैकी एका कारखान्याचे संस्थापक डॉ. केकी घरडा मुंबईत रसायन तंत्रज्ञान शिकले व पुढील शिक्षणासाठी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे परदेशी शिक्षणाचा आणि आपल्या गावाचा संबंध फार दूरचा नाही.

त्याहून मोठे उदाहरण आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तुम्ही उर्दूत जिला 'वजीफा' म्हणता, तीच ही शिष्यवृत्ती. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली ते एम. ए. झाले व १९१६ साली लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके व सामान ज्या जहाजात होते, ते जहाज पाणतीराने बुडाले.

दुसरा कोणी असता तर निराश झाला असता. पण बाबासाहेबांनी लंडन सोडण्यापूर्वी एक काम केले होते. चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरे करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. मुंबईत प्राध्यापकाची नोकरी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या मित्राने कर्ज दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली.

मुलांनो, त्यांची बुद्धी तर मोठी होतीच. पण वेळेवर मागितलेली ती एक परवानगी नसती, तर त्या बुद्धीचाही रस्ता अडला असता. परदेशी शिक्षणात अशा लहान वाटणाऱ्या गोष्टी फार महत्त्वाच्या ठरतात. त्या एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट : नाव. 'मोहम्मद' हे नाव उर्दूत एकाच प्रकारे लिहितात. इंग्रजीत मात्र ते तीन-चार प्रकारे लिहिले जाते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे असले, तर परदेशी विद्यापीठ विचारते, "ही तीन माणसे आहेत की एक?" काहींच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते. तेथेही अडचण येते. आज घरी जाऊन आपली सर्व कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहा. चूक असेल तर दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी मुख्याध्यापकांना सांगा. शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती कठीण होते.

एक गंमतही लक्षात ठेवा. उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. कचेरीत दाखला मागितला, तर कागद द्यायचा असतो!

दुसरी गोष्ट : भाषा. "आम्ही उर्दू माध्यमाचे, आम्हांला इंग्रजी विद्यापीठ कसे झेपेल?" असे तुम्हांला वाटेल. पण विचार करा. घरी तुम्ही कोकणी बोलता, शाळेत उर्दूत शिकता, बाजारात मराठी बोलता आणि हिंदीही समजता. इतक्या भाषा शिकलेल्या मुलाला आणखी एक भाषा का येणार नाही? इंग्रजीच्या परीक्षांत आयईएलटीएस ही एक प्रसिद्ध परीक्षा आहे. तिचे चार भाग असतात : ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे. गुण शून्य ते नऊ या मापात देतात आणि ते साधारण दोन वर्षेच ग्राह्य धरतात. म्हणून परीक्षा फार लवकर देऊ नये. तयारी मात्र आजपासून करावी. आपण इंग्रजी वाचतो, पण ऐकत व बोलत नाही. रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐका. ऐकलेले चार ओळींत लिहा. मग ते मोठ्याने सांगा.

आणखी एक सवय बदलावी लागेल. मार्गदर्शक पुस्तकातील उत्तर पाठ करून जसेच्या तसे लिहिणे तेथे चालत नाही. दुसऱ्याचे वाक्य त्याचे नाव न सांगता लिहिले, तर विद्यापीठ तो गुन्हा समजते. त्यासाठी विद्यार्थ्याला काढूनही टाकतात. उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय याच वर्गात लावून घ्या.

तिसरी गोष्ट : पैसा. शिकवणीची फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. राहणे, जेवण, विमा, पुस्तके, गरम कपडे आणि विमानाचे तिकीट यांचाही हिशेब आधी कागदावर मांडावा. ब्रिटनच्या व्हिसासाठी ठरलेली रक्कम बँकेत सलग २८ दिवस असल्याचे सहसा दाखवावे लागते. आदल्या दिवशी उसने आणून भरलेले पैसे तेथे उपयोगी पडत नाहीत.

मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी बँक घर किंवा जमीन तारण मागते. सामान्यतः हप्ते शिक्षण संपल्यावर काही काळाने सुरू होतात, पण व्याज पहिल्यापासून चढत असते. घरच्यांनी सही करण्यापूर्वी हे त्यांना नीट समजावून सांगा. शिक्षण अर्धवट राहिले तरी कर्ज पुरेच फेडावे लागते. अम्मीचे दागिने किंवा दादाजींची बाग गहाण ठेवण्यापूर्वी हा विचार झाला पाहिजे.

शिष्यवृत्तीची माहितीही ताजी असावी. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर केंद्र शासन 'पढो परदेश' योजनेतून व्याजाची मदत देत असे. ती योजना २०२२ साली बंद करण्यात आली. तरी जुने पत्रक वाचून अजूनही कोणी तिच्या भरवशावर राहतो. याउलट, १८९२ साली सुरू झालेला जे. एन. टाटा एन्डॉवमेंट हा निधी आजही परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो. म्हणून "योजना आहे का?" एवढेच विचारू नका. "या वर्षी चालू आहे का? शेवटची तारीख कोणती?" हेही विचारा.

तेथे नोकरी करून फी भरू, असे काहीजण म्हणतात. पण विद्यार्थ्याने आठवड्यात किती तास काम करावे, याची मर्यादा बहुतेक देशांनी घातलेली असते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तासच काम करता येते. त्या कमाईतून हातखर्च निघेल, सगळी फी निघणार नाही. नियम मोडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो.

चौथी गोष्ट : दलाल. २०२३ साली कॅनडात शिकणाऱ्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे उघड झाले. ती पत्रे त्यांना दलालाकडून मिळाली होती. आपण फसलो आहोत, हे बऱ्याच जणांना काही वर्षांनी कळले. तोपर्यंत पैसे गेले होते आणि देश सोडण्याची पाळी आली होती. म्हणून प्रवेशपत्र मिळताच विद्यापीठाला स्वतः पत्र लिहून ते खरे आहे का, याची खात्री करावी. फी विद्यापीठाच्या खात्यातच भरावी. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये.

पाचवी गोष्ट : प्रकृती व सोबत. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांनी आपला आहार व पोशाख सोडला नाही. पण त्यांची प्रकृती नाजूक होती आणि तेथील थंडी त्यांना मानवली नाही. मायदेशी परतल्यावर १८८७ साली, वयाची २२ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. मुलींनो, त्यांचे धैर्य घ्या आणि प्रकृतीची काळजीही घ्या. गरम कपडे व आरोग्यविमा यांवर काटकसर करू नका. दुखणे अंगावर काढू नका. स्वयंपाक मुलामुलींनी दोघांनीही शिकून घ्यावा. डाळ-भात करता आला, की पैसेही वाचतात आणि हलाल जेवणाची काळजीही बरीच मिटते.

आनंदीबाईंना अमेरिकेत कार्पेंटर बाईंच्या कुटुंबाने आधार दिला. बाबासाहेबांना नवल भथेना हे पारशी मित्र न्यूयॉर्कच्या वसतिगृहात भेटले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. परक्या देशात केवळ आपल्याच गावच्या मुलांत राहू नका. सर्वांशी मैत्री करा. अडचण आली तर लाजू नका. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी बहुधा वेगळे कार्यालय असते. तेथे जाऊन विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, अर्ज, मुदत, करार, जामीन, हिशेब हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला यांतील प्रत्येक शब्दाशी काम पडते. हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत, मग त्यांना भिण्याचे कारण नाही. एक वही करा. तिच्यात आपले प्रश्न लिहा. ज्याचे उत्तर मिळेल त्यापुढे तारीख घाला. ती वही भरत आली, की समजा तुमची तयारी होत आली.

शब्दार्थ

मुदत – ठरलेला काळ
पाणतीर – पाण्याखालून जहाजावर सोडण्याचे स्फोटक अस्त्र
ग्राह्य – मान्य करण्याजोगे
तारण – कर्जासाठी हमी म्हणून ठेवलेली वस्तू
बनावट – खोटे, नकली
मानवणे – प्रकृतीला सोसणे
दुखणे अंगावर काढणे – आजारी असूनही उपचार न करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) 'दाखिला' व 'दाखला' या शब्दांच्या अर्थांत काय फरक आहे?

२. कारणे लिहा.
(अ) बाबासाहेबांना १९१७ साली लंडन सोडावे लागले.
(आ) फी विद्यापीठाच्या खात्यातच भरावी.

३. पाठात आलेले व उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या मोठ्या भावाला किंवा बहिणीला परदेशी विद्यापीठातून प्रवेशपत्र आले आहे. पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाला कोणते पाच प्रश्न विचाराल, ते लिहा.